कडेला गेलेला घोडा

काटकोन बघायच्या लोखंडी साधनाला गुण्या म्हणतात. सुतार वापरतो, फिटरही वापरतो. आमच्या कारखान्यात एका माणसालाच गुण्या म्हणत, कारण ते साधन त्यांच्या खिशातून कधी सुटलं नाही. कॅन्टीनच्या टेबलाचा कोपरा, नोटीस बोर्डाची चौकट, नव्या फोरमनच्या केबिनचं दार, सगळ्याला गुण्या लावायचे आणि मान हलवायचे. हे नाव पाठीमागे. तोंडावर आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

मी दादांच्या हाताखाली शिकलो. काम बेअरिंग खरवडायचं. मोठ्या यंत्राच्या बेअरिंगला आतून मऊ पांढऱ्या धातूचा थर असतो. शाफ्टला निळा रंग फासायचा, बेअरिंगमध्ये बसवून एक फेरा द्यायचा, परत काढायचा. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. तो स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा फेरा. निळे ठिपके सगळीकडे सारखे पडेपर्यंत हेच. ज्याला कंटाळा येतो त्याने या कामाला हात लावू नये.

इथपर्यंत दादांनी मला सगळं शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. पण शेवटचा हात राहायचा. तेल धरून ठेवण्यासाठी धातूवर अगदी उथळ खळगे पाडायचे असतात. स्क्रेपर किती तिरपा धरायचा, कुठल्या बाजूने ओढायचा, सगळं त्या शेवटच्या हातात. तो मारायची वेळ आली की दादा म्हणायचे, "जा लेका, चहा घेऊन ये." मी परत यायचो तेव्हा दादांची पाठ माझ्याकडे असायची आणि काम झालेलं असायचं.

दादा रजेवर गेले की बेअरिंग तापायचं. फोरमन मला बोलायचा. दादा परत आले की एकदा हात फिरवायचे आणि यंत्र गार. मला हे वर्षानुवर्षं कळत होतं. विचारायची सोय नव्हती.

दादांचं दुसरं वेड बुद्धिबळ. कामावरचा जेवणाचा वेळ ते पटावर घालवायचे, डबा एका हाताने खायचे. हुशार म्हणावेत असे नव्हते. चिवट होते. एकच सुरुवात आयुष्यभर खेळले, पांढऱ्या बाजूने, आणि तिच्यात एक चाल स्वतःची काढली. पहिल्या काही चाली जगासारख्या. मग मधला घोडा उचलून पटाच्या उजव्या कडेला. घोडा कडेला गेला की त्याची घरं निम्मी होतात, हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय तो घोडा ज्या प्याद्याला सांभाळत होता ते प्यादं उघडं पडतं आणि मरतं. पाहणारा म्हणायचा, म्हातारं चळलं. पण पुढे पुढे समोरच्याचा राजा मध्येच अडकून पडायचा आणि काळं गुदमरायचं. आमच्यात कोणाला ते फोडता आलं नाही. घोड्यानंतर नेमकं काय करायचं हेही कोणाच्या लक्षात राहायचं नाही, कारण सरावाच्या डावात दादा ती पुढची चाल कधी दाखवायचे नाहीत. तिथे मुद्दाम दुसरंच काही खेळायचे आणि हरलेही तर हसायचे. खरी चाल खऱ्या डावासाठी.

खरा डाव एकदाच आला. कारखान्या-कारखान्यांची स्पर्धा होती आणि दादा अंतिम फेरीत पोचले. डाव आमच्याच कॅन्टीनच्या वरच्या खोलीत. समोर दुसऱ्या कारखान्याचा हिशेबनीस. गोरागोमटा, बोटांना शाई लागलेली. दादांनी घोडा कडेला नेला. हिशेबनिसाने प्यादं खाल्लं. दादांनी पुढची चाल केली. मी खोलीच्या दाराशी होतो, गर्दीत पट दिसत नव्हता. हिशेबनिसाचं तोंड मात्र दिसत होतं. तो विचारात पडला आणि पडूनच राहिला. चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला.

तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. दादा दुसऱ्या पाळीला होते.

फोरमन दारात आला. "काय, निघायचं ना?"

"डाव संपतोय," दादा म्हणाले.

"डाव पगार देतो का? खाली बेअरिंग उघडं पडलंय."

दादांनी हिशेबनिसाकडे बघितलं. डाव उद्यावर टाकायला त्याची संमती लागत होती. त्याने चष्मा लावला आणि म्हणाला, "नियमात बसत नाही, मी काय करू?" दादा उठले. पटावर एक प्यादं कमी, घोडा कडेला. जिन्यावर कोणीतरी म्हणालं, "घोडा कोपऱ्यात, घोडेस्वार पाळीवर." सगळे हसले. पाहणाऱ्यांना वाटलं, दादा हरत होते आणि भोंग्याने अब्रू वाचवली. कागदावर लिहिलं गेलं, पांढरा हरला.

त्या पाळीला शेवटचा हात मारायची वेळ आली तेव्हा दादांनी मला चहाला पाठवलं नाही. पाठही केली नाही. नुसतेच बसून राहिले, आणि मी तिथून निघून गेल्यावर काम केलं.

पुढे दादांच्या मुलीचं लग्न झालं. जावई कचेरीत संगणकावर काम करणारा, स्वभावाने सरळ. फावल्या वेळात तो बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायचा. दादांना वाटलं असेल, देव पावला. रविवारी मलाही बोलावलं. छोटी खोली, खिडकीला पडदा, टेबलावर संगणक, शेजारी बुद्धिबळाचा पट. दादांनी आधी टेबलाला गुण्या लावला.

"जावईबापू, टेबल उजवीकडे झुकलंय."

"हो बाबा. खाली कागद घालतो."

"कागद नको. पाय कापा."

मग मुद्द्यावर आले. "हे यंत्र पहिली चाल कशी ठरवतं?"

"ठरवत नाही, बाबा. सुरुवातीला ते विचारच करत नाही. पुस्तक बघतं." जावयाने संगणकाच्या पडद्यावर दाखवलं. झाडाला फांद्या फुटाव्यात तशा चाली. "लोकांनी खेळलेले हजारो डाव आत भरलेत. पटावर अशी मांडणी असताना कोणती चाल किती वेळा खेळली गेली आणि तिने किती डाव जिंकले, याचा हिशेब करून प्रत्येक चालीला वजन दिलेलं असतं. जड चाल जास्त वेळा निवडली जाते, हलकी कमी वेळा."

"जास्त वेळा म्हणजे? सगळ्यात जड तीच का नाही खेळत?"

"मग समोरच्याला आधीच कळेल ना. म्हणून चिठ्ठी टाकतं. जड चालीच्या चिठ्ठ्या जास्त."

"म्हणजे पाठांतर आणि सोडत."

जावई हसला. "तसंच."

"आणि पाठांतर संपलं की?"

"मग स्वतः हिशेब करतं. आपली चाल, त्याची चाल, परत आपली. जमेल तितकं खोल."

"विहिरीत दोर किती सोडलाय ते सांगा."

"आपल्या चार-पाच चाली, त्याच्या चार-पाच. पुढे अंधार."

दादांनी मान हलवली. मग पटावर मोहरी मांडून आपल्या सुरुवातीच्या चाली केल्या आणि म्हणाले, "इथे पुस्तकात काय आहे?"

जावयाने पडद्यावर तीच मांडणी आणली. पाच-सहा चालींची रांग आली, प्रत्येकीसमोर आकडे. तळाला घोडा कडेला. डाव एक. हार एक. वजन शून्य.

तो एक डाव कॅन्टीनच्या वरचा होता. स्पर्धेची पुस्तिका छापली होती, तिच्यातून कोणीतरी जमा केला, तिथून आणखी कोणीतरी, असा फिरत फिरत तो या खोलीत आला होता.

दादांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी का हरलो हे लिहिलंय का यात?"

"नाही बाबा. पुस्तकाला कारण लागत नाही. निकाल लागतो."

"भोंगा झाला होता."

"मला माहीत आहे. ही सांगत असते."

"निकाल पुसा."

जावई अवघडला. "छापलेला डाव आहे, तो कसा बदलू? पण वजन हाताने देता येतं. मी ही चाल जड करतो. पुढच्या महिन्यात प्रोग्रामांची स्पर्धा आहे, तिथे खेळेल. जिंकली तर पुस्तकात जिंकलेला डावही येईल. मग हा डाग एकटा राहणार नाही."

दादांचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांच्या त्या हारीला डाग म्हणालं होतं, आणि तो धुवायची वाट दाखवली होती.

"फक्त," जावई म्हणाला, "त्याने प्यादं खाल्ल्यावर पुढे काय ते सांगा. तेही पुस्तकात घालतो."

दादा पटाकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडावर ते हसू आलं, एका बाजूचं. मी ते ओळखत होतो. मला वाटलं, आता मला चहाला पाठवतात.

"पुढचं त्याचं त्याने शोधावं," दादा म्हणाले. "एवढा हिशेब करतं म्हणता ना."

"बाबा, गेलेलं प्यादं त्याला दिसेल. ते का दिलं हे दिसणार नाही. तुमच्या चालीचं फळ दहा-बारा चालींनी येतं म्हणता. ह्याचा दोर तिथवर पोचत नाही."

"मग दोर लांब करा."

मी म्हणालो, "दादा, सांगून टाका. डाग तुमचाच धुतला जाणार आहे."

दादांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "सगळं सांगितलं की माणसाला चहाला पाठवतात."

 त्यांनी स्वतः कोणाला पाठवलं होतं हे त्यांच्या लक्षात आलं असेल की नाही, देव जाणे. मुलगी आतून आली, जावयाकडे बघून खांदे उडवले आणि परत गेली. जावयाने त्या एका चालीला वजन दिलं. पुढे कोरं.

स्पर्धा एका तंत्रशाळेच्या सभागृहात होती. लोकांनी आपापले संगणक गाडीतून उतरवून आणले होते, जमिनीवर तारांचं जाळं. प्रत्येक टेबलावर मध्ये लाकडी पट. यंत्र पडद्यावर चाल सांगणार, माणूस ती हाताने पटावर करणार. माणसाने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. ते केलं तर डाव गेला. पडद्याच्या कोपऱ्यात एक शब्द लागलेला असायचा, "पुस्तक". तो आहे तोवर यंत्र पाठ केलेलं म्हणतंय. तो गेला की आकडे धावू लागायचे.

दादा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. जावयाच्या मागे खुर्ची टाकून बसले, मी त्यांच्या शेजारी. पहिल्या फेऱ्यांत ती जागा आलीच नाही. कधी काळ्या बाजूने खेळावं लागलं, कधी समोरच्याने वाट बदलली. एकदा जागा आली, पण चिठ्ठी दुसऱ्या चालीची निघाली. दादा पुटपुटले, "सोडतीत पण नशीब नाही."

शेवटच्या फेरीत जागा आली. कोपऱ्यात "पुस्तक" आणि खाली घोडा कडेला. जावयाने मागे वळून बघितलं, मग घोडा उचलून कडेला ठेवला. दादा उभे राहिले.

समोर दोन तरुण होते. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. "बघ, कडेला." त्यांच्या यंत्राने प्यादं खाल्लं.

आमच्या पडद्यावरचा "पुस्तक" गेला. आकडे धावू लागले. आधी किंचित खाली, मग आणखी खाली. यंत्राला दिसत होतं ते इतकंच की आपलं एक प्यादं गेलंय आणि घोडा वाईट जागी उभा आहे. तो तिथे कशाला गेला हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्या चालीने घोडा तिथे ठेवला ती त्याची नव्हती. ती दादांची होती. आता डोकं त्याचं चाललं होतं.

पडद्यावर चाल आली. घोडा मागे, जिथून आला तिथे.

"नाही," दादा म्हणाले.

पंच टेबलाकडे आले. "कोण बोललं?"

जावयाचा हात घोड्यावर होता. तो दादांकडे वळला नाही. त्याला घोडा परत न्यावाच लागणार होता, आणि त्याने नेला.

"घर आठवलं याला," समोरचा तरुण म्हणाला. त्यात दुष्टपणा नव्हता. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्याचा डाव असता तर.

पुढे काही राहिलं नाही. एक प्यादं कमी, दोन चाली फुकट. आमचं यंत्र नेटाने लढलं आणि हळूहळू मेलं. दादा शेवटपर्यंत उभे होते. जावयाने हार मान्य केली, कागदावर सही केली. तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली: "पुस्तक सुधारले."

"हे काय?" दादांनी विचारलं.

जावयाने कपाळाला हात लावला. "ते बंद करायचं राहिलं. डाव हरला की हरवणाऱ्या चालीचं वजन ते आपोआप काढून घेतं. पुन्हा तीच चूक होऊ नये म्हणून."

त्याने उघडून दाखवलं. घोडा कडेला. डाव दोन. हार दोन. वजन शून्य.

परत येताना जावई गाडी चालवत होता, मी मागे. अर्धा रस्ता सरला. मग दादा खिडकीकडे बघत म्हणाले, "हत्ती एक घर सरकवायचा होता. राजाच्या रांगेत."

जावयाने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. "काय म्हणालात?"

"हत्ती. तिथून त्याच्या राजाला हलता येत नाही."

"हे आधी सांगितलं असतं तर एका मिनिटात घातलं असतं, बाबा. एका मिनिटात."

दादांनी खिशातला गुण्या चाचपला.

"बरं, आणि हत्तीनंतर?"

दादांनी गाडीची काच वर केली. "नंतरचं बघता येईल."

मी तेव्हा खाली उतरून चालत जावं म्हणत होतो. एवढं होऊनही हातचं राखायचं. जावई समंजस माणूस, त्याने फक्त गाडी चालू केली. त्याने परत कधी विचारलं नाही आणि दादांनी परत कधी त्याच्या टेबलाला गुण्या लावला नाही. ती सुरुवात ते नंतर खेळलेही नाहीत. कॅन्टीनमध्ये कोणी पट मांडला की म्हणायचे, "आता यंत्रं खेळतात. आपण डबा खाऊ."

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात दादांनी मला बोलावलं. बेअरिंग समोर होतं, निळे ठिपके सारखे पडलेले. "बस," म्हणाले. स्क्रेपर माझ्या हातात दिला, माझ्या हातावर हात ठेवला आणि शेवटचा हात मारून दाखवला. तिरकस धरायचा, वळवत आणायचा, उचलायचा. इतकंच होतं. मी चहा घेऊन परत येईपर्यंत होईल इतकंच. त्याच्या आधीच गोदामात तयार बेअरिंगच्या पेट्या येऊन पडल्या होत्या. ती बसवायची असतात, खरवडायची नसतात. मला तो हात पुढे कधीच मारावा लागला नाही.

दादा गेल्यावर मी त्यांच्या मुलीकडे गेलो. जावई नवं काहीतरी दाखवत होता, फोनवर. "काका, आताच्या प्रोग्रामना पुस्तक लागतंच असं नाही. दोर फार खोल जातो." त्याने दादांची मांडणी घातली. डोळ्याची पापणी लवायच्या आत फोनने उत्तर दिलं. घोडा कडेला, वाईट नाही. प्यादं खाल्लं तर हत्ती एक घर. खाली पुढच्या चालींची लांब रांगच होती.

"हेच ना बाबांचं?" जावयाने विचारलं.

"हेच." पुढची रांग दादांची होती की नाही हे मला सांगता आलं नसतं.

"पण डावांचे जे संग्रह आहेत त्यांत त्यांची चाल अजून तशीच आहे. दोन डाव, दोन हार. पुस्तक करणारा तिला बघतो आणि गाळतो." तो उठून आत गेला.

मुलगी समोर बसली होती. "काका, खरं सांगा. बाबांची चाल वाईट होती?"

"वाईट नव्हती. अर्धीच बाहेर आली."

 ती उठली. "बसा, चहा टाकते."

"चहा राहू दे," मी म्हणालो आणि कोपऱ्यातला दादांचा पट पुढे ओढून त्यावर चार मोहरी ठेवली. "आधी हे बघ. हा घोडा इथे आला. याने प्यादं खाल्लं. आता हत्ती..."

"मला नाही कळणार, काका."

"का? घरात पट होता की."

"लहानपणी बाबांनी बसवलं होतं एकदा. प्यादं, उंट, घोडा." तिने पटावरची धूळ पदराने पुसली. "मग म्हणाले, बाकीचं नंतर. हत्तीपर्यंत आम्ही आलोच नाही."